शेजाऱ्याला पाण्यात पाहणारा हिशेब

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या खोऱ्यात राहणाऱ्या भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश या चार देशांच्या सहकार्याविषयी एक मत गेली काही वर्षे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडले जात आहे की, ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. त्याचा सारांश असा : नदीचा नळ नेहमी वरच्या देशाच्या हातात असतो, खालच्या देशासाठी सोडलेले पाणी म्हणजे वरच्या देशाचा निव्वळ तोटा, भारताने शेजाऱ्यांना प्रकल्प बांधून दिले, पैसा दिला, वाटा मोकळ्या केल्या, पण बदल्यात पदरी काहीच पडले नाही, पाणीवाटपाचे सगळे तंटे मिटेपर्यंत व्यापाराच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही, आणि म्हणून १९९६ च्या गंगा कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते ती संपू द्यावी, म्हणजे भारताचे हात मोकळे होतील.

या पाचही विधानांत तथ्याचा थोडाफार अंश आहे आणि ती चटकन पटतात त्याचे कारणही तेच आहे. मात्र पाचांच्याही मुळाशी एकच हिशेब आहे : नदी म्हणजे क्युसेक (सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी), आणि क्युसेक म्हणजे वाटणी. एखाद्याचा दुस्वास करण्याला आपल्याकडे त्याला पाण्यात पाहणे म्हणतात. येथे तो वाक्प्रचार अगदी शब्दशः लागू पडतो, कारण या हिशेबाला शेजारी फक्त पाण्यात दिसतो. त्याच नदीवरच्या विजेच्या तारेत, मालवाहू जहाजात, पुराच्या इशाऱ्यात किंवा कोळ्याच्या जाळ्यात तो दिसत नाही. ही विधाने एकेक करून तपासावीत, असे मला वाटते.

पहिले विधान नळाचे. नळ बंद करायचा तर त्याच्यामागे टाकी असावी लागते. पश्चिम बंगालात बांगलादेशाच्या सीमेजवळ गंगेवर असलेले फरक्का हे धरण नसून बंधारा आहे; त्याला १०९ दरवाजे आहेत, पण पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येईल असा जलाशय त्याच्यामागे नाही. सुमारे २७ लाख क्युसेकचा पूर पुढे जाऊ देता यावा अशी त्याची रचना आहे आणि त्याच ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये पन्नास-सत्तर हजार क्युसेकसाठी दोन देशांची ओढाताण चालते. पावसाळ्यात गंगा अडवण्याची ताकद कोणाच्याही हातात नाही. भारताच्या हातात आहे ती कोरड्या महिन्यांत ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी हुगळीकडे वळवण्याची ताकद. ती खरी आहे, तिच्याविषयीची बांगलादेशाची तक्रारही खरी आहे. पण वर्षातले पाच महिने आणि एका मर्यादेपर्यंत चालणाऱ्या या वळवणुकीला नळ म्हणणे म्हणजे ओढ्यावर घातलेल्या बांधाला समुद्राचा दरवाजा म्हणण्यासारखे आहे.

गंमत अशी की, हेच विधान सीमेपलीकडे उलट्या अंगाने तितक्याच जोरात फिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशाच्या पूर्व भागात मोठा पूर आला तेव्हा त्रिपुरातील गोमती नदीवरच्या डंबूर धरणाचे दरवाजे भारताने मुद्दाम उघडले, असा समज तेथे पसरला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २२ ऑगस्टला केलेला खुलासा असा होता की, हे धरण सुमारे ३० मीटर उंचीचे आणि सीमेपासून १२० किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि पूर मुख्यतः धरणाच्या खालच्या पाणलोटातल्या पावसामुळे आला. त्याच खुलाशातला एक तपशील मात्र चर्चेत कोठेच आला नाही. पाणी चढत असल्याची माहिती बांगलादेशाला २१ ऑगस्टच्या दुपारी तीनपर्यंत दिली जात होती. सायंकाळी सहाच्या सुमारास पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडचणी आल्या. या प्रसंगातला खरा धडा या तीन तासांत आहे. दरवाजे कोणी उघडले यावर दोन्ही देशांत आठवडाभर वाद रंगला; वीज गेली तरी चालू राहील अशी पूर-इशाऱ्याची व्यवस्था उभारायला त्या वादाच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो.

शिवाय वरच्या देशाच्या हातात नळ असेल, तर खालच्या देशाच्या हातात फाटक असते. नेपाळ आणि भूतान यांना समुद्र नाही. त्यांचा माल भारतातून जातो. भारताची ईशान्येकडील राज्ये उर्वरित देशाला सिलिगुडीजवळच्या वीस-बावीस किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेली आहेत. आगरतळ्याहून कोलकात्याला आसाममार्गे जायचे तर सुमारे १,६०० किलोमीटर पडतात, बांगलादेशातून गेल्यास त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा; आणि चट्टग्राम बंदर तर त्रिपुराच्या दक्षिण टोकावरील साब्रूमपासून ७५ किलोमीटरच्या आसपास आहे. पाण्याच्या बाबतीत भारत बांगलादेशाच्या वरच्या अंगाला आहे, वाटेच्या बाबतीत त्रिपुरा बांगलादेशाच्या आतल्या अंगाला आहे. नदीच्या नकाशावर कोण वर आणि कोण खाली हे ठरवता येते, व्यवहाराच्या नकाशावर ते इतके सोपे नाही.

या विधानाला चीनचे उदाहरण नेहमी जोडले जाते. तिबेटात यारलुंग त्सांगपोच्या, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्याच वरच्या प्रवाहाच्या, मोठ्या वळणावर मेदोग येथे चीनने जुलै २०२५ मध्ये एका प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले, हे खरे आहे आणि त्याची काळजी वाटणेही योग्य आहे. परंतु ब्रह्मपुत्रेचे बहुतेक पाणी ती भारतात शिरल्यानंतर पडणाऱ्या पावसाने आणि लोहित, दिबांग, सुबनसिरी, मानस यांसारख्या उपनद्यांनी भरते, त्यामुळे ब्रह्मपुत्रा कोरडी पडेल ही भीती मूळ धोक्यावरून लक्ष उडवते. धोका आहे तो अचानक सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा, अडणाऱ्या गाळाचा आणि बंद होणाऱ्या माहितीचा. २०१७ मध्ये डोकलाम येथे भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले, त्या पेचाच्या वेळी ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची हंगामी आकडेवारी चीनकडून भारताला मिळाली नाही. २००२ पासून नूतनीकरण होत आलेला त्याविषयीचा सामंजस्य करारही २०२३ मध्ये संपला. वरच्या देशाने माहिती रोखली तर खालच्याची काय अवस्था होते, हे येथे भारत स्वतः अनुभवतो आहे. म्हणूनच फरक्क्याला तसेच वागावे असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा गुवाहाटीत उभे राहून विचार करावा.

दुसरे विधान तोट्याचे : बांगलादेशाला दिलेले पाणी भारताने गमावले. १९९६ चा करार पाहिला तर तो वर्षभराचा नाहीच. १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरता, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत आहे. फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर दोघांना निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० या दरम्यान बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. ७५,००० च्या वर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. शिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या काळात एकाआड एक टप्प्याला दोघांनाही आळीपाळीने ३५,००० क्युसेकची हमी. या सूत्रात भारताचा वाटा कोठेही नगण्य ठरत नाही. आणि हे वळवलेले पाणी प्रामुख्याने शेतीसाठी नाही, तर हुगळीतला गाळ वाहून नेऊन कोलकाता बंदर चालते राहावे यासाठी आहे. म्हणजे फरक्क्याच्या वादात भारताची मूळ मागणीच पाण्याची नसून जहाजांच्या वाटेची होती! नदी म्हणजे क्युसेक हा हिशेब भारताच्या स्वतःच्या बाजूलाही लागू पडत नाही.

आणि तोटा मोजायचाच असेल तर तो सीमारेषेवर थांबत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ साचून पूर वाढतो, अशी तक्रार बिहारने अनेकदा केली आहे; नीतीश कुमार यांनी मुख्यमंत्री असताना हा बंधारा हटवण्याचा विचार व्हावा, असे २०१६ च्या पुरानंतर उघडपणे म्हटले होते. मालदा आणि मुर्शिदाबादमध्ये काठ कोसळून गावे नदीत गेली आहेत. समुद्रातून अंडी घालण्यासाठी गंगेत वर अलाहाबादपर्यंत येणारा हिल्सा मासा फरक्क्यानंतर बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. खाली बांगलादेशात गंगेची शाखा असलेल्या गडाई नदीत उन्हाळ्यात गोडे पाणी उरत नाही आणि खुलना भागात खारेपण आत सरकते. ते खारेपण ज्या सुंदरबनात पोचते ते जंगल दोन्ही देशांचे आहे. बक्सरचा कोळी आणि खुलन्याचा शेतकरी यांचे नुकसान एकाच बांधकामाने केले असेल, तर त्यातला कोणता भाग भारताचा फायदा आणि कोणता बांगलादेशाचा, हे नुसत्या वाटणीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

वाटणीपलीकडे पाहणारे करार जगात नाहीत असेही नाही. कोलंबिया नदीवरील १९६१ च्या करारात, जो १९६४ पासून अमलात आला, कॅनडाने आपल्या हद्दीत साठवण धरणे बांधली आणि खाली अमेरिकेत पूर टळला, त्याबद्दल अमेरिकेने ६० वर्षांच्या पूरनियंत्रणापोटी ६ कोटी ४४ लाख डॉलर आगाऊ दिले. शिवाय नियंत्रित प्रवाहामुळे अमेरिकेतल्या वीज प्रकल्पांना जी जास्तीची वीज मिळाली तिचा निम्मा वाटा कॅनडाचा ठरला. येथे कोणी कोणाला पाणी दिले नाही. पाणी कोणत्या महिन्यात यावे याची किंमत ठरली. नेपाळचे नेमके हेच म्हणणे आहे : आपल्या डोंगरात साठवलेले पाणी हिवाळ्यात बिहार-उत्तर प्रदेशाला मिळणार असेल आणि पावसाळ्यात तेथला पूर कमी होणार असेल, तर त्या लाभाचे मोल मांडले जावे. भारत हे सहजी मान्य करत नाही आणि भारत-नेपाळ यांच्यातल्या १९९६ च्या महाकाली करारातला पंचेश्वर धरण प्रकल्प इतक्या वर्षांनंतरही कागदावर राहण्याचे ते एक मोठे कारण आहे. येथे दोष वाटणीच्या मानसिकतेचा आहे आणि तो दिल्लीतही आहे, हे म्हटलेच पाहिजे.

त्याही आधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फरक्क्याचा उन्हाळी प्रवाह वाढवण्यासाठी दोन्ही देशांनी आपापले प्रस्ताव मांडले. भारताने ब्रह्मपुत्रेचे पाणी बांगलादेशातून कालव्याने गंगेत आणण्याचा, तर बांगलादेशाने नेपाळात साठवण धरणे बांधण्याचा. बांगलादेशाला आपल्या जमिनीतून जाणारा कालवा नको होता आणि भारताला वाटाघाटीत तिसरा देश नको होता. दोन्ही प्रस्ताव पडून राहिले. सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करणारी, चारही देश सदस्य असलेली संस्था या नद्यांवर आजही नाही. १९७२ चा संयुक्त नदी आयोग भारत आणि बांगलादेश या दोनच देशांचा आहे आणि सामाईक नद्या तर त्या दोघांतच ५४ आहेत.

तिसऱ्या विधानावर जरा थांबायला हवे, कारण भावनेला सर्वांत जास्त हात तेच घालते : भारताने दिले, शेजाऱ्यांनी घेतले. सुरुवात भूतानपासून करू. चुखा हा ३३६ मेगावॅटचा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू झाला. वरवर हे दान दिसते. पण त्याची वापरून उरलेली वीज भारतात आली, तिचे पैसे भूतानला मिळाले, त्यातून कर्ज फिटले आणि पूर्व भारताला कोळसा न जाळता वीज मिळाली. पुढे ताला (१,०२० मेगावॅट) आणि मांगदेछू (७२० मेगावॅट) आले. दरम्यान अटी बदलत गेल्या. १,२०० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-१ पर्यंत येता येता अनुदान ४० टक्के आणि कर्ज ६० टक्के, तेही १० टक्के व्याजाने, असे प्रमाण उलटे झाले. त्या प्रकल्पाच्या धरणाच्या जागी २०१३ मध्ये डोंगराचा उजवा उतार सरकला, काम वर्षानुवर्षे रखडले, खर्च वाढत गेला. भूतानचे सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्याही वर गेले आहे आणि त्यातला मोठा भाग जलविद्युत प्रकल्पांचा आहे. त्यातच हिवाळ्यात नद्यांना पाणी कमी झाले की भूतान भारताकडून वीज विकत घेतो. या सगळ्यात जोखीम कोणी उचलली, असा प्रश्न विचारला तर उत्तर भारत असे येत नाही. दान घेणाऱ्याच्या डोक्यावर दहा टक्के व्याजाचे कर्ज नसते.

नेपाळची कथा वेगळी आणि अधिक आशादायक आहे. डोंगरातल्या नद्यांच्या या देशात २००८-०९ च्या सुमारास दिवसाला सोळा-अठरा तासांचे भारनियमन होते. नेपाळातले ढल्केबर आणि बिहारमधले मुझफ्फरपूर यांना जोडणारी सीमापार पारेषण वाहिनी २०१६ मध्ये कमी दाबाने सुरू झाली, पुढे ती पूर्ण ४०० किलोव्होल्टवर चालू लागली, आणि भारतातून आलेल्या विजेने नेपाळचे भारनियमन संपण्यास मोठी मदत झाली. येथवर पुन्हा ‘भारताने दिले’ असेच वाटेल. पण तार दोन्ही दिशांनी चालते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांची अवघी ३९ मेगावॅट वीज भारतीय वीज बाजारात विकण्याची परवानगी नेपाळला मिळाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात नेपाळने पहिल्यांदाच आयातीपेक्षा जास्त वीज निर्यात केली. आणि जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅट वीज घेण्याचा करार भारताने नेपाळशी केला. कारण ऋतूंचे आहे. नेपाळच्या नद्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत भरलेल्या असतात, तेव्हाच भारताच्या मैदानात पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सर्वाधिक चालतात. हिवाळ्यात नेपाळच्या नद्या रोडावतात तेव्हा भारताकडे वीज असते. एकाचा तुटवडा आणि दुसऱ्याची मुबलकता वर्षातून दोनदा अदलाबदल करतात. भारताचे नियम मात्र येथेही आड येतात : ज्या प्रकल्पांत चिनी भांडवल किंवा चिनी कंत्राटदार आहे त्यांची वीज भारत विकत घेत नाही. सुरक्षेचा विचार म्हणून हे समजू शकते, पण व्यापारात याला काही कोणी औदार्य म्हणणार नाही.

याच तारेचा पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्या वीज संस्थांनी एक करार केला. त्यानुसार दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात नेपाळने बांगलादेशाला ४० मेगावॅट वीज, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट या दराने, भारताच्या तारांवरून विकायची. ४० मेगावॅट म्हणजे फार थोडी वीज. पण ढल्केबरहून मुझफ्फरपूर, तेथून भारतीय जाळ्यातून पश्चिम बंगालातले बहरामपूर आणि पुढे बांगलादेशातले भेडामारा हा मार्ग त्यामुळे पहिल्यांदा तीन देशांचा झाला. बहरामपूर-भेडामारा जोडणी २०१३ ची, म्हणजे तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार २०११ मध्ये फसल्यानंतर दोनच वर्षांची आहे. या व्यवहारात भारत दाता नाही, वाटसरूही नाही. तो वाहतूकदार आहे आणि त्याचे शुल्क घेतो. करार झाला तेव्हा ढाक्यात सत्तांतर होऊन दोनच महिने झाले होते. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी निर्यात मालाला दिलेली पारगमनाची सवलत काढून घेतली, बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरच्या नाक्यांतून होणारी आयात थांबवली, आणि मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद करून कोलकाता आणि न्हावा-शेवा ही दोनच बंदरे ठेवली. इतके होऊनही १५ जून २०२५ पासून नेपाळची वीज बांगलादेशात ठरल्याप्रमाणे जाऊ लागली. ट्रक नाक्यावर थांबवता येतात, कारण प्रत्येक ट्रकसाठी नवा निर्णय घ्यावा लागतो. करार झालेली आणि जोडलेली तार तोडायला तिन्ही बाजूंना आपले नुकसान दिसते.

बांगलादेशाने काहीच दिले नाही, हेही तपासायला हवे. त्रिपुरातील ७२६ मेगावॅटच्या पलाटाणा वीज प्रकल्पाची अवजड यंत्रे सिलिगुडीच्या वाटेने नेणे कठीण होते. ती नदीमार्गे बांगलादेशातल्या आशुगंज बंदरात आणि तेथून रस्त्याने आगरतळ्याला नेली गेली. त्यासाठी आखाउड्याजवळ तितास नदीत मातीचा भराव घालून रस्ता केला गेला, नदी अडली, कोळी आणि शेतकरी संतापले आणि तो भराव नंतर काढावा लागला. त्रिपुराला वीज मिळावी म्हणून ही झळ बांगलादेशातल्या लोकांनी सोसली. मार्च २०१६ पासून त्रिपुराची १०० मेगावॅट वीज कुमिल्ल्याला जाऊ लागली आणि त्याच दिवशी कॉक्स बझारच्या समुद्री केबलमधली १० जीबीपीएस इंटरनेट क्षमता आगरतळ्याला मिळाली.

नदी वाट म्हणूनही कामाची आहे याचे एक छोटे उदाहरण देतो. बांगलादेश गाळाच्या मैदानावर वसला आहे, तेथे बांधकामाचा दगड नाही. भूतानकडे दगडच दगड आहेत. जुलै २०१९ मध्ये भूतानची खडी फुन्तशोलिंगहून ट्रकने आसामातल्या धुबरीला आली आणि तेथून सुमारे १,००० टनांचे जहाज ब्रह्मपुत्रेने नारायणगंजला गेले. जलमार्गाचा मूळ करार १९७२ चा आहे आणि त्याही आधी, १९६५ च्या युद्धापर्यंत, कोलकात्याहून आसामला आगबोटी याच वाटेने जात. जी वाट युद्धाने बंद पाडली तिच्यावरून अर्ध्या शतकानंतर तिसऱ्या देशाची खडी गेली. यात भारताचे काय गेले, हे विधान करणाऱ्यांनी सांगावे.

चौथे विधान क्रमाचे : आधी पाणीवाटप, मग व्यापार. वर दिलेल्या तारखाच याचे उत्तर देतात. जलमार्गाचा १९७२ चा करार गंगेच्या १९७७ च्या कराराआधीचा, वीजजोडणी तिस्त्याच्या अपयशानंतरची. तिस्ता २०११ पासून अडली आहे, पण २०२२ मध्ये कुशियारा नदीवर १५३ क्युसेकपुरता का होईना, समझोता झालाच. तंटा आणि व्यवहार शेजारी शेजारी चालतात. कृष्णेच्या पाण्यावरून १९६९ पासून लवाद भोगणाऱ्या आपल्या राज्याला हे निराळे सांगायला नको. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी पाणी मिटेपर्यंत बाजार बंद ठेवला असता तर काय झाले असते, याची कल्पना कोणीही करू शकेल. मात्र याचा अर्थ तिस्त्याचा प्रश्न विजेच्या तारेने विझेल असा नाही. तिस्त्याकाठच्या बांगलादेशातल्या रंगपूरच्या शेतकऱ्याला एप्रिलमध्ये पाणी हवे आहे, त्याला मेगावॅट दाखवून चालणार नाही.

सिंधू कराराचा दाखला येथे हमखास दिला जातो, पण तो चुकीच्या खात्यात टाकलेला आहे. १९६० च्या त्या करारात रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला अशी नद्यांचीच फाळणी झाली. फाळणी चोख होती, म्हणून ती १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतून टिकली. पण दोघांच्या मालकीचे एकही धरण, एकही तार, एकही जलमार्ग तिच्यातून उभा राहिला नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो करार स्थगित केला. त्यावरून वाटणीच्या मर्यादा दिसतात. सहकार्य मुळात करून पाहिलेच नाही, तर त्याचे अपयश त्यातून कसे सिद्ध होणार? याच्या उलट सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संस्था स्थापून धरणेच सामाईक मालकीची केली. मनंताली धरण मालीत आहे, पण त्याची वीज मालीला ५२, सेनेगलला ३३ आणि मॉरिटानियाला १५ टक्के अशी वाटली जाते. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, संबंध तुटले, संस्था मात्र टिकली. पाण्यावरून युद्धे अटळ आहेत या भाकिताविषयी इतकेच पुरे की, ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९४८ ते १९९९ या काळातल्या सामाईक नद्यांविषयीच्या देशादेशांतल्या १,८३१ घटना तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश सहकार्याच्या निघाल्या.

उरले पाचवे विधान : करार संपू द्या, हात मोकळे होतील. हा प्रयोग एकदा झालेला आहे. १९७७ चा करार पाच वर्षांचा होता. नंतरचे समझोते १९८८ मध्ये संपले आणि १९९६ पर्यंत गंगेवर कोणताही करार नव्हता. त्या आठ वर्षांत भारताचे हात मोकळेच होते. मार्च १९९३ मध्ये बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी गंगेचा प्रवाह १०,००० क्युसेकच्या खाली गेला. त्याच वर्षी बांगलादेशाने हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. वाटेचा, बंदराचा आणि ईशान्येचा प्रत्येक विषय ढाक्यात पाण्याशी बांधला गेला, आणि ज्या पारगमनाची भारताला गरज होती ते त्या काळात इंचभरही पुढे सरकले नाही. आज त्रिपुराला लागणाऱ्या चट्टग्रामच्या वाटेची किंमत तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे.

नव्या करारात काय असावे यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. १९९६ च्या सूत्राला जुन्या काळच्या प्रवाहांच्या नोंदींचा आधार आहे आणि वरच्या अंगाला वापर वाढला आहे, हे खरे. फरक्क्याचा प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब विचारविनिमय करावा, एवढेच जुना करार सांगतो. त्यापुढे काय, हे लिहून ठेवता येईल. गडाईच्या मुखाचा गाळ, हिल्साची वाट, पावसाळ्यातली ताशी आकडेवारी आणि वाटाघाटीत नेपाळला जागा हे विषय त्यात आणता येतील. पण जुन्यात असलेले मोडू नये असेही काही आहे. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दोन्ही देशांच्या अभियंत्यांची संयुक्त पथके फरक्क्याला आणि हार्डिंज पुलापाशी रोज पाणी मोजतात. करार संपला तर ती मोजणी कोणत्या आधारावर चालू राहणार? मग मार्चमध्ये नदीत किती पाणी होते याचे दोन आकडे असतील, एक दिल्लीचा आणि एक ढाक्याचा, आणि दोन्हींवर आपापल्या देशात लोक विश्वास ठेवतील.